प्रवरेचा पाट आणि पुण्याचे कुलगुरू

पदवीच्या कागदावर तळाशी एक सही असते. ती असते कुलगुरूंची. मुलगा पदवी घेऊन गावी येतो, घरची मंडळी तो कागद चौकटीत बसवून भिंतीवर लावतात, येणारा-जाणारा कौतुकाने मुलाचे नाव वाचतो. सही कोणाची आहे, ते सहसा कोणी पाहत नाही. पाहिले तरी कुलगुरू म्हणजे नेमके काय काम करणारा माणूस, हे आपल्यापैकी पुष्कळांना सांगता यायचे नाही. म्हणून आजच्या भाषणात एका कुलगुरूंची हकीकत सांगायची आहे.

हे कुलगुरू म्हणजे प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ. पुणे विद्यापीठाची खुर्ची त्यांनी पुरती दोन वर्षेही सांभाळली नाही. मग त्यांचीच निवड का, असे कोणी विचारील. कारण असे की, त्या खुर्चीवर बसण्यापूर्वी सुमारे दहा वर्षे हे गृहस्थ आपल्या नगर जिल्ह्यातल्या लोणीच्या साखर कारखान्याचे अध्यक्ष होते. त्याच्याही आधी गोदावरी आणि प्रवरा या दोन नद्यांच्या पाटांखालच्या शेतीचा त्यांनी बारकाईने हिशेब मांडला होता. पाटाच्या पाण्याचा हिशेब करणारा माणूस विद्यापीठाच्या अग्रस्थानी जाऊन बसतो, ही गोष्ट शेतकऱ्यांनी आणि शिक्षकांनी दोघांनीही समजून घेण्यासारखी आहे. आपल्या जिल्ह्याचे अधिकृत नाव २०२४ पासून अहिल्यानगर असे झाले आहे. पण मी ज्या काळाविषयी बोलणार आहे त्या काळी तो अहमदनगर होता, म्हणून तेच नाव वापरतो.

आधी त्या खुर्चीविषयी थोडे सांगतो. पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झाले. त्यापूर्वी नगरच्या मुलाला पदवी हवी असली तर परीक्षा मुंबई विद्यापीठाची. खुद्द नगर शहरात डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली अहमदनगर कॉलेज काढले, तेव्हा कुठे जिल्ह्यातल्या मुलांची घराजवळ सोय झाली. विद्यापीठाचे कुलपती म्हणजे राज्याचे राज्यपाल. मान त्यांचा मोठा. पण रोजचा कारभार कुलगुरूंच्या अंगावर. कोणता विषय शिकवायचा, परीक्षा कशी घ्यायची, कोणत्या गावी कॉलेजाला मान्यता द्यायची, प्राध्यापक कोण नेमायचा, पैसा कुठे घालायचा, या सगळ्या बैठकांत अध्यक्षस्थानी कुलगुरू. घरात जसा कर्ता पुरुष, गावात जसा पाटील, तसा विद्यापीठात कुलगुरू. फरक इतकाच की, कुलगुरूला हुकूम सोडून भागत नाही. विद्वान मंडळींचा मेळा सांभाळायचा म्हणजे प्रत्येकाचे ऐकून घ्यायचे आणि शेवटी निर्णय मात्र आपण घ्यायचा.

पुण्याच्या या खुर्चीवर पहिले बसले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. त्यांच्यानंतर रँग्लर परांजपे, अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे, इतिहासाचे व्यासंगी दत्तो वामन पोतदार आणि मग काकासाहेब गाडगीळ. काकासाहेबांचे १९६६ च्या जानेवारीत निधन झाले, आणि त्यांच्या जागी आले धनंजयराव गाडगीळ. आडनाव एकच असल्याने लोकांचा घोटाळा होतो, म्हणून सांगतो. काकासाहेब म्हणजे नरहर विष्णू, स्वातंत्र्यलढ्यातले पुढारी आणि केंद्रातले माजी मंत्री. धनंजयराव म्हणजे धनंजय रामचंद्र, आयुष्यभर अर्थशास्त्राचा अभ्यास केलेला माणूस.

१९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघाले आणि दक्षिणेकडचे जिल्हे तिकडे गेले. त्यामुळे धनंजयरावांच्या वेळी पुणे विद्यापीठाकडे पाच जिल्हे होते: पुणे, अहमदनगर, नाशिक, धुळे आणि जळगाव. पुणे शहर सोडले तर हा सगळा मुलूख शेतीचा. कपाशी, बाजरी, द्राक्षे, ऊस, नाही तर दुष्काळ. म्हणजे विद्यापीठ नावाला पुण्याचे असले तरी त्यातली पुष्कळ मुले शेतकऱ्याघरची. हा मुलूख ओळखणारा माणूस अग्रस्थानी असावा, हे ओघानेच आले. धनंजयरावांची ही ओळख झाली कशी, ते आता पाहू.

त्यांचा जन्म १० एप्रिल १९०१ चा, नाशिकचा. बालपण नागपुरात गेले. पुढे ते इंग्लंडमध्ये केंब्रिजला शिकायला गेले. तिथे त्यांनी जो प्रबंध लिहिला, तो हिंदुस्थानातल्या उद्योगधंद्यांच्या वाढीविषयीचा. १९२४ साली तो पुस्तकरूपाने निघाला, तेव्हा लेखकाचे वय होते अवघे तेवीस. पुढे कितीतरी वर्षे अर्थशास्त्राचे विद्यार्थी ते पुस्तक वाचत आले. परत आल्यावर काही काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात नोकरी केली. मग १९२५ ते १९३० सुरतेच्या कॉलेजात प्राचार्य. विलायतेचा शिक्का, सरकारदरबारी ओळख आणि हाती प्राचार्यपद. दुसरा कोणी असता तर तिथेच समाधानाने राहिला असता.

पण १९३० साली पुण्यात एक नवी संस्था निघाली. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजाला देणगी दिली आणि त्या पैशातून गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक धनंजयराव झाले, आणि पुढे छत्तीस वर्षे ते त्याच जागी राहिले. कुलगुरुपद हे त्यांच्या आयुष्याचे टोक. पाया या छत्तीस वर्षांत घातला गेला.

त्या काळी अर्थशास्त्र शिकवायचे म्हणजे इंग्रजी पुस्तकातली प्रमेये पाठ करून घ्यायची, अशी रीत होती. धनंजयरावांनी आपल्या माणसांना पुस्तक मिटून बाहेर काढले. पुण्याच्या बाजारात फळ येते कुठून, अडत्या किती घेतो, हमालाला काय मिळते आणि बागवाल्याच्या हाती किती उरते, याचा अभ्यास केला. वाई तालुक्यात शेतकऱ्यांचा जमाखर्च तपासला. पुणे शहराची घरोघर जाऊन पाहणी केली. पुढे सोलापुराचीही केली. माणसे तयार करायची, त्यांना प्रश्नांचा कागद द्यायचा, गावोगाव पाठवायचे आणि आलेला आकडा पुन्हा पुन्हा पडताळून पाहायचा, ही त्यांची शिस्त. आज कोणतीही योजना निघाली की आधी 'सर्व्हे' होतो. तेव्हा ही गोष्ट नवी होती.

संस्थेचा प्रमुख म्हणून त्यांनी आणखी एक काम केले. वेगवेगळ्या मतांच्या माणसांना बोलायला जागा दिली. काळ्यांच्या स्मरणार्थ तिथे दर वर्षी व्याख्यान होत असे. १९३९ च्या जानेवारीत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिले. विषय होता इंग्रजांनी देऊ केलेले संघराज्य आणि आपले स्वातंत्र्य. पुण्यासारख्या गावात त्या दिवसांत हे व्याख्यान घडवून आणणे ही संस्थेच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. नगर जिल्हा हा अवर्षणाचा. १८९६–९७ आणि १८९९–१९०० हे लागोपाठचे दुष्काळ जुन्या माणसांच्या बोलण्यात पुढे पन्नास वर्षे येत राहिले. त्यानंतर सरकारने पाटबंधाऱ्यांची चौकशी नेमली आणि दख्खनमध्ये मोठी कामे हाती घेतली. गोदावरीवर नांदूर-मधमेश्वरहून निघालेले कालवे कोपरगाव भागात आले. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला प्रवरेवर धरण बांधले; ते १९२६ साली पुरे झाले. त्याचे पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या पाटांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या बाजूंना फिरले. जिथे बाजरीचे कणीस मुश्किलीने भरत होते, तिथे ऊस उभा राहिला.

पण पाणी आले म्हणून शेतकऱ्याच्या घरी पैसा आला का? इथेच खरा प्रश्न होता. ऊस पिकवायचा, गुऱ्हाळ लावायचे, काहिलीत रस आटवायचा, ढेपा गाडीत घालून पेठेत न्यायच्या. भाव ठरवणार अडत्या. खतासाठी आणि पेंडीसाठी रक्कम आधीच सावकाराकडून उचललेली. १९३० नंतर जगभर मंदी आली, गुळाचा भाव कोसळला आणि बागायतदार कर्जात बुडाला. १९३२ साली सरकारने साखरेच्या धंद्याला जकातीचे संरक्षण दिले. त्याचा फायदा घेऊन खासगी कारखाने वाढले. हरेगावला बेलापूर कंपनी आधीपासून होतीच. या कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या आणि स्वतःच ऊस लावला. जमीन आपली, पाणी आपल्या दारातले, आणि आपण मात्र कंपनीच्या रानात मजूर, अशी पुष्कळांची गत झाली. खंडकरी शेतकऱ्यांचा तो प्रश्न पुढे किती पिढ्या चिघळत राहिला, हे श्रीरामपूरकडच्या श्रोत्यांना सांगायला नको.

सरकारच्या दृष्टीने पाटाचा हिशेब सोपा होता. धरणाला इतका पैसा घातला, पाणीपट्टी इतकी आली; व्याज सुटले तर काम चांगले, नाही तर तोट्याचे. धनंजयरावांनी विचारले की, हा हिशेब पुरा आहे काय? पाट आल्याने मजुराला बारा महिने काम मिळाले, गाडीवानाला भाडे मिळाले, पेठेतली उलाढाल वाढली, रेल्वेला माल मिळाला, सरकारचेही इतर कर वाढले. हे सगळे जमेत धरायचे की नाही? त्यांच्या संस्थेने गोदावरी आणि प्रवरा या पाटांखालच्या भागाची पाहणी करून असा प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष फायद्यांचा हिशेब मांडला. त्याचा अहवाल १९४८ साली पुस्तकरूपाने निघाला. धरणाच्या फायद्या-तोट्याचा असा हिशेब आज सगळीकडे करतात. आपल्या देशात त्याचा एक आरंभीचा धडा कोपरगाव-श्रीरामपूरच्या बांधांवर लिहिला गेला, ही आपल्या जिल्ह्याने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

दुसरा प्रश्न कर्जाचा. या जिल्ह्याला तोही जुना. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध जो दंगा उठला, तो पाहता पाहता नगर जिल्ह्यात पसरला. लोकांनी रोखे आणि खतपत्रे जाळली. पुढे १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. कायदा झाला, पण उसन्या पैशाची गरज संपली नाही. सत्तर वर्षांनी, १९४५ साली, शेतीच्या पतपुरवठ्याविषयी सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल आला. तिचे अध्यक्ष धनंजयराव होते. मग रिझर्व्ह बँकेने सबंध देशातल्या सहाशे खेड्यांची पाहणी केली. ती चालवणाऱ्या समितीतही ते होते. १९५४ साली तिचा अहवाल निघाला, तेव्हा असे दिसले की शेतकरी जे कर्ज काढतो त्यातले सहकारी सोसायट्यांकडून मिळते शंभरात तीन रुपये, आणि सावकारांकडून जवळजवळ सत्तर. पन्नास वर्षे सहकाराची भाषणे झाली होती. त्यांचे फळ शंभरात तीन! ही गोष्ट झाकून न ठेवता आकड्यात मांडणे, आणि तरीही सहकार सोडून न देता तो यशस्वी कसा करावा हे सांगणे, यातच त्या अभ्यासाचे मोल होते.

अभ्यास झाला. आता कसोटीची वेळ आली.

लोणी बुद्रुकला विठ्ठलराव विखे पाटील नावाचे शेतकरी होते. शाळेतले शिक्षण बेताचेच. पण माणसे जोडण्याची हातोटी मोठी. गावात सहकारी पतपेढी काढून त्यांनी सावकारी कर्जाशी झुंज घेतली होती. गुळात आपले भागत नाही आणि साखरेचा कारखाना कंपनीचाच असेल तर आपला ऊस मातीमोल, हे त्यांना अनुभवाने कळले होते. १९४५ च्या डिसेंबरात बेलापूर रोड येथे, म्हणजे श्रीरामपुरात, दख्खन कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष म्हणून धनंजयरावांना बोलावले होते. शेतकऱ्यांनी आपला स्वतःचा कारखाना सहकारी तत्त्वावर काढावा, हा विचार तिथे पुढे आला आणि विखे पाटलांनी तो उचलला.

पुढची कथा आपल्याकडे घरोघर माहीत आहे. विखे पाटील गावोगाव फिरले. शेतकऱ्याने पै-पै करून भाग घ्यायचा, तोही न पाहिलेल्या कारखान्याचा. लोकांना शंका होतीच. सहकारी सोसायट्या बुडालेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. अशा वेळी कारखान्याच्या अध्यक्षपदी धनंजयराव बसले. मुंबई राज्याचे अर्थ आणि सहकार मंत्री वैकुंठभाई मेहता हे सहकारातले जाणते गृहस्थ. त्यांचाही पाठिंबा मिळाला. लोणीच्या माळावर कारखाना उभा राहिला आणि १९५०–५१ च्या हंगामात गळीत सुरू झाले. आंध्रात एटिकोप्पाका येथे १९३३ साली लहान प्रमाणावर असा प्रयत्न झाला होता. पण पुढे देशभर ज्याचे पाहून लोक शिकले, तो कारखाना प्रवरेचाच.

इथे क्षणभर थांबून विचार करा. पुण्यातल्या मोठ्या संस्थेचा संचालक, केंब्रिजचा पदवीधर, पुस्तके लिहिणारा माणूस. त्याने शेतकऱ्यांच्या कारखान्यावर एक लेख लिहिला असता, एक भाषण केले असते, तर कोणी नावे ठेवली नसती. कारखाना बुडाला असता तर मात्र त्याच्या साऱ्या विद्येची नाचक्की झाली असती. ही जोखीम धनंजयरावांनी पत्करली. कागदावर जे बरोबर ठरवले ते बॉयलर, उसाची मोळी आणि बँकेचा हप्ता यांच्यापुढे टिकते की नाही, हे आपल्या नावावर तपासून पाहायला ते तयार झाले. बैठकीत त्यांच्या शेजारी विखे पाटील बसत. एकाला आकडे कळत, दुसऱ्याला माणसे. पाटलांना हिशेबात रस नव्हता असे नाही, आणि प्राध्यापकांना माणसांची पारख नव्हती असेही नाही. पण दोघांनी एकमेकांचा अधिकार मानला, म्हणून गाडा चालला.

सहकारी कारखान्याचे दोन नियम आपल्याला आज साधे वाटतात. मत माणसाला एक. भाग किती का असेनात. आणि उसाचा भाव सर्वांना सारखा. पन्नास एकरवाल्याच्या टनाला जो, तोच दोन एकरवाल्याच्या टनाला. गुळाच्या पेठेत असे कधी नव्हते. तिथे मोठ्याचा माल आधी मोजला जाई आणि लहानाचा पडून राही. लहान शेतकऱ्याला भाव मागण्याची लाज वाटेनाशी झाली, ही माझ्या मते त्या कारखान्याची पहिली कमाई. साखर त्यानंतरची.

सुमारे दहा वर्षांनी धनंजयराव अध्यक्षपदावरून दूर झाले आणि ती जागा विखे पाटलांकडे आली. हीसुद्धा मोठी शिकवण आहे. खुर्ची मिळवण्यापेक्षा सोडणे अवघड. ज्यांच्यासाठी काम उभे केले त्यांना ते चालवता येऊ लागले, की शिकवणाऱ्याने बाजूला व्हावे. चांगला गुरुजी हेच करतो. गोखले संस्थेतही तसेच झाले. वि. म. दांडेकर यांच्यासारखी माणसे तिथे तयार झाली होती. १९६६ साली धनंजयराव कुलगुरू झाले तेव्हा दांडेकर संचालक झाले आणि संस्था अडली नाही. पुढे १९७१ साली दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी देशातल्या दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याने सबंध देशाला विचार करायला लावले.

आता कुलगुरुपदाकडे येतो. १९६६ ते १९६७, एवढीच ती कारकीर्द. त्याच सुमारास ते राज्यसभेचे नियुक्त सदस्यही होते. १९६७ च्या सप्टेंबरात दिल्लीचे बोलावणे आले आणि ते योजना मंडळाचे उपाध्यक्ष झाले. एवढ्या थोड्या दिवसांत विद्यापीठात किती विटा रचल्या, हे मोजण्यात अर्थ नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, पाच जिल्ह्यांच्या मुलांपुढे कुलगुरू म्हणून कोण उभा राहिला. विद्या म्हणजे गाव सोडण्याचा परवाना, अशी समजूत तेव्हाही होती, आताही आहे. पदवी घ्यायची ती शेत सुटावे म्हणून. या समजुतीला धनंजयरावांचे सगळे आयुष्य हेच उत्तर होते. त्यांनी सर्वांत मोठी विद्या घेतली आणि ती घेऊन ते पाटाच्या काठावर आले.

दिल्लीतही त्यांची दृष्टी तीच राहिली. केंद्राकडून राज्यांना मिळणारा योजनेचा पैसा तोवर बराचसा दिल्लीच्या मर्जीने वाटला जाई. १९६९ साली त्यांनी वाटपाचे एक सूत्र ठरवून दिले. शंभरातले साठ रुपये लोकसंख्येच्या प्रमाणात; दहा, ज्या राज्यांचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी त्यांना; दहा, राज्य स्वतः किती कर उभा करते ते पाहून; दहा, चालू असलेल्या मोठ्या पाटबंधाऱ्यांच्या व विजेच्या कामांसाठी; आणि उरलेले दहा, राज्यांच्या खास अडचणींसाठी. याला देशभर गाडगीळ सूत्र म्हणतात. फेरफार होत होत ते पुढे अनेक वर्षे वापरात होते. योजना मंडळ २०१५ साली गेले आणि त्याच्या जागी नीती आयोग आला, ही गोष्ट वेगळी. पण वाटणी करायची तर नियम आधी सांगावा आणि तो सर्वांना सारखा असावा, हे तत्त्व उसाच्या भावातले आणि राज्यांच्या पैशातले एकच आहे.

त्याच १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. बँकांनी खेड्यात जायचे तर कसे, याचा विचार त्यांच्या अध्यक्षतेखालच्या एका अभ्यासगटाने केला आणि एकेका भागाची जबाबदारी घेऊन काम करावे असे सुचवले. त्यातून पुढे जिल्ह्याची अग्रणी बँक ही पद्धत निघाली. तुमच्या जिल्ह्यात पीककर्जाचा आराखडा ठरतो तेव्हा अग्रणी बँकेचा अधिकारी बैठकीला असतो, त्यामागे हा विचार आहे. १९७१ साली त्यांनी योजना मंडळ सोडले, आणि ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

श्रोतेहो, थोर माणसाचे गुणगान करून थांबणे सोपे असते. पण धनंजयरावांनी शिकवलेला हिशेब आपण त्यांच्याच कामालाही लावला पाहिजे. प्रवरेमागून कोपरगाव, राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर असे कारखाने झाले. त्यांच्याभोवती शाळा आल्या, दवाखाने आले. लोणीला १९६४ साली प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था निघाली. १९६८ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाचे ठाणे राहुरीला आले. हे जमेच्या बाजूला. खर्चाच्या बाजूला काय? पाटाचे पाणी जिथवर पोचले तिथवर ऊस, आणि त्याच जिल्ह्यात पाथर्डीची माणसे दर साल दिवाळीनंतर कोयता घेऊन घराबाहेर पडतात. मुकादमाची उचल डोक्यावर, लेकरे पाचटाच्या खोपीत, आणि शाळा अर्ध्यावर. त्यांच्या हातानेच ऊस तुटतो, पण कारखान्याच्या सभेत त्यांना मत नाही, कारण ते सभासद नाहीत. १८७५ साली जो प्रश्न कर्जाचा होता, तो त्यांच्यापुरता उचलीच्या नावाने अजून उभा आहे. शिवाय राज्यात कितीतरी सहकारी कारखाने पुढे गटबाजीत आणि कर्जात अडकले, काही बंद पडले, काही विकले गेले. एक माणूस एक मत हा नियम कागदावर राहिला तरी सभासद जर ताळेबंद वाचत नसेल, तर तो नियम त्याला वाचवू शकत नाही.

इथे शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. ताळेबंद वाचायला कोण शिकवणार? सोसायटीचा वार्षिक अहवाल घरी येतो आणि चुलीपाशी जातो. सातवी-आठवीच्या मुलांना तो फळ्यावर मांडून दाखवता येईल. आपल्या गावात किती विहिरी, किती एकर ऊस, किती बाजरी, बाजारात कांदा किती गेला आणि हाती काय आले, तोडीला किती घरे गेली आणि त्यांची किती मुले शाळेतून गळाली, याची पाहणी मुलांकडून करून घेता येईल. गणिताचा तास आणि भूगोलाचा तास त्यात आपोआप होतो. गोखले संस्थेने ज्या पद्धतीने पुण्याचा बाजार आणि प्रवरेचा पाट तपासला, ती पद्धत वहीपेन्सिलीने चालणारी आहे. तिला मोठी इमारत लागत नाही. आणि अशी पाहणी केलेला मुलगा उद्या सभासद झाला, संचालक झाला, तर हिशेब विचारल्याशिवाय हात वर करणार नाही.

पुणे विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. त्याच्याकडे आज पुणे, नाशिक आणि आपला जिल्हा असे तीन जिल्हे आहेत. आपल्या जिल्ह्यातून दर वर्षी हजारो मुले तिथली पदवी घेतात. त्यांच्या कागदावर कुलगुरूंची सही असतेच. ती सही करणाऱ्या खुर्चीवर एके काळी असा एक माणूस बसला होता, ज्याला ओझरच्या बंधाऱ्यापासून पाणी कुठे जाते, त्याने कोणाचे भले होते आणि कोण कोरडे राहते, हे ठाऊक होते. घरातला पदवीधर कितीही शिकला तरी त्याला एवढे एकदा जरूर विचारा: आपल्या गावचा हिशेब तुला येतो का?